नगरसेवकाचं काम कागदावर कसं वाचायचं

चौकात नवं बाकडं बसलं किंवा गल्लीत काँक्रीट पडलं की आठवड्याच्या आत फलक लागतो. फलकाची भाषा साधारण तीन प्रकारची: 'यांच्या निधीतून', 'यांच्या विशेष प्रयत्नांतून' आणि 'यांच्या संकल्पनेतून'. जाता-येता वाचताना तिन्ही एकाच माळेचे मणी वाटतात. पण 'निधीतून' लिहिलं असेल तर त्या कामाला अंदाजपत्रकात एक बजेट कोड, म्हणजे तरतुदीचा क्रमांक, असला पाहिजे, आणि तो शोधता येतो. 'प्रयत्नांतून' असेल तर निदान एखादं पत्र असावं. त्याचा आवक क्रमांक, म्हणजे पत्र खात्यात नोंदवल्याचा क्रमांक, मिळाला तर तेही पडताळता येतं. 'संकल्पनेतून' मात्र हवेतलं आहे, त्याचा कागद कुठल्याच खात्यात सापडणार नाही. शिवाय निधी हा शब्दही जपूनच वाचायचा. पैसा महापालिकेचा, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्यांचा. तो कुठे लागावा हे नगरसेवक सुचवतो.

निवडणुकीपुरतं नव्हे तर एरवीही आपल्या नगरसेवकाची पार्श्वभूमी आणि काम पाहायचं असेल, तर त्याच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे आधी माहीत हवं. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, राज्यातल्या बाकीच्या महापालिका १९४९ च्या अधिनियमाखाली चालतात. दोन्हीकडे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. पाण्याची वेळ बदलणं, मुकादमाला निलंबित करणं, ठेकेदाराचं बिल काढणं, यातलं काहीही नगरसेवक स्वतःच्या सहीने करू शकत नाही. तो सभेत प्रश्न विचारू शकतो, ठरावावर मत देऊ शकतो, समितीवर बसू शकतो, अंदाजपत्रकात आपल्या प्रभागातली कामं घालून घेऊ शकतो. प्रभाग समितीला तरतूद असलेल्या ५ लाखांपर्यंतच्या कामांना मंजुरी देता येते. 'साहेबांनी पाणी आणलं' या वाक्यामागे खरं काम असेल तर ते पत्र, बैठक, तरतूद आणि पुन्हा पत्र अशा रूपातच सापडतं.

पार्श्वभूमीसाठी पहिला कागद म्हणजे उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र. राज्य निवडणूक आयोगाच्या नमुन्यात शिक्षण, गुन्हे, मालमत्ता आणि देणी लिहावी लागतात. हरलेल्यांचीही शपथपत्रं असतात, आणि तीही वाचण्यासारखी असतात, कारण आज हरलेला उमेदवार पाच वर्षांनी पुन्हा दारात येतोच.

गुन्ह्यांचा रकाना वाचताना नुसता आकडा मोजू नका. 'याच्यावर ९ गुन्हे' ऐकून दचकायला होतं, पण कलमं बघितली तर बरेचदा जमावबंदी मोडल्याचे, रास्ता रोकोचे गुन्हे निघतात: जुन्या भारतीय दंड संहितेचं १४३ किंवा १८८, मुंबई पोलीस कायद्याचं १३५. विरोधी पक्षात दहा वर्षं आंदोलनं केलेल्या कार्यकर्त्यावर असे गुन्हे असतातच. ४२० म्हणजे फसवणूक, ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न. ही वेगळी जात. ३५३, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडवण्यासाठी मारहाण किंवा बळाचा वापर, हे कलम नगरसेवकांच्या बाबतीत मधलं आहे. ते अभियंत्याच्या टेबलावर झालेल्या बाचाबाचीतूनही लागतं आणि खऱ्या गुंडगिरीतूनही. तिथे खटला कोणत्या टप्प्यावर आहे हे बघावं: तपास चालू, आरोपपत्र दाखल, आरोप निश्चित की शिक्षा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे नंतरच्या गुन्ह्यांचे आकडे बदलले आहेत. जुनं १८८ आता २२३ झालं, ३०७ चं १०९, ३५३ चं १३२, आणि ४२० चं काम ३१८ मध्ये गेलं. जुने खटले जुन्याच कलमांनी चालतात, त्यामुळे एकाच शपथपत्रात दोन्ही दिसू शकतात.

मालमत्तेच्या बाबतीत बहुतेक लोक दोन निवडणुकांमधली एकूण रक्कम शेजारी ठेवतात आणि 'पाच वर्षांत तिप्पट' असं म्हणून मोकळे होतात. ही तुलना तकलादू आहे. शहराच्या कडेची वडिलोपार्जित जमीन काहीही न करता तिप्पट होते. रकमेऐवजी नोंदी मोजा. गेल्या वेळी नसलेले गट क्रमांक किंवा सदनिका कोणत्या आल्या, त्या कोणाच्या नावावर आहेत, खरेदीची तारीख काय, आणि तेवढं कर्ज देण्यांच्या रकान्यात दिसतं का. जोडीदाराच्या आणि अवलंबून असलेल्यांच्या रकान्यावर जास्त वेळ घालवा. नव्या नोंदी आहेत, कर्ज नाही आणि उत्पन्नाच्या रकान्यातली आकडेवारी जेमतेम, अशी जोडी दिसली तर ती खरी प्रश्न विचारण्याजोगी.

काही गोष्टी तर थेट पदावरच गदा आणणाऱ्या आहेत. महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असणं, दोनपेक्षा जास्त अपत्यांचा नियम मोडणं, स्वतः किंवा जोडीदाराने अनधिकृत बांधकाम केलेलं असणं, राखीव जागेवर निवडून येऊन जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत न देणं, निवडणूक खर्चाचा हिशोब न देणं. निकालानंतर हिशोबाला ३० दिवस मिळतात. यातल्या बहुतेक गोष्टी शपथपत्रात दिसत नाहीत. त्या जात पडताळणी समिती, बांधकाम विभाग आणि निवडणूक शाखा अशा तीन ठिकाणी विखुरलेल्या असतात, म्हणूनच तक्रारी उशिरा होतात आणि कार्यकाळ संपत आला तरी निकाल लागत नाही.

आता सभा. नगरसेवकाचं सगळ्यात कमी बघितलं जाणारं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम इथे होतं. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, म्हणजे कामकाजाची लेखी नोंद, मिळवा. त्यात हजेरी असते, पण हजेरीवर फार विसंबू नका. सही करून अर्ध्या तासात निघून जाणं ही जुनी रीत आहे. सलग ३ महिने विनाकारण गैरहजर राहिल्यास पद जाऊ शकतं, म्हणून सह्या तरी होतातच. बघायचं ते त्या व्यक्तीने लेखी प्रश्न किती दिले, कोणत्या विषयावर बोलली, आणि मतदान झालं तेव्हा कोणत्या बाजूला होती.

इतिवृत्ताची आपली एक भाषा आहे, ती एकदा कळली की पुढचं सोपं. 'दप्तरी दाखल' म्हणजे प्रस्ताव गेला, संपला. 'सभा तहकूब' म्हणजे आजच्या कार्यपत्रिकेला हात लागला नाही. वारंवार तहकुबी होत असेल तर विषय साठतात आणि मग एका दुपारी शंभर विषय घाईत मंजूर होतात. 'उपसूचनेसह मंजूर' दिसलं की थांबायचं. उपसूचना म्हणजे मूळ प्रस्तावात सुचवलेला बदल. मूळ प्रस्ताव एका उद्यानाचा असतो आणि उपसूचनेत भलत्याच जागेचा वापर बदललेला असतो. 'आयत्या वेळचे विषय' हाही तसाच कोपरा, कारण ते आधी छापलेल्या कार्यपत्रिकेत नसतात आणि नागरिकांना, पत्रकारांना, कधीकधी खुद्द सदस्यांनाही वाचायला वेळ मिळत नाही. उपसूचनेचा सूचक आणि अनुमोदक कोण, हे दोन्ही इतिवृत्तात लिहिलेलं असतं. आपल्या नगरसेवकाचं नाव तिथे किती वेळा येतं आणि कशासाठी, हे वर्षभराच्या इतिवृत्तांतून काढलं तर त्याची ओळख फलकापेक्षा चांगली होते.

महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या पुणे भेटीच्या स्वागतावर हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. प्रस्ताव मंजूर झाला. त्या कारकिर्दीतलं आज लोकांच्या लक्षात राहिलेलं हे एक हरलेलं मत आहे. असं मत आजही इतिवृत्तातच सापडतं.

महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, आणि त्यासोबत 'नगरसेवकपती' हा प्रकारही दिसतो. संपर्क कार्यालयात खुर्चीवर पती, फोनवर पती, अधिकाऱ्यांच्या बैठकीत पती. पण यावरून सरसकट शेरा मारणं अन्यायाचं आहे. कार्यालय नवरा सांभाळतो आणि सभेत बाई अभ्यास करून बोलतात, अशीही उदाहरणं असतात. इतिवृत्त इथेही कामी येतं, कारण सभागृहात पतीला बसता येत नाही.

मग येतो पैसा. प्रत्येक नगरसेवकाच्या वाट्याला प्रभागासाठी काही तरतूद असते. पुण्यात तिला 'स यादी' म्हणतात, इतरत्र स्वेच्छा निधी किंवा प्रभाग निधी. मुंबई वगळता बहुतेक ठिकाणी एका प्रभागात अनेक सदस्य, बहुधा चार. म्हणून एकाच गल्लीवर चार फलक दिसतात. वाद बजेट कोडने मिटतो: काम कोणाच्या यादीतून आणि कोणाच्या पत्रावरून घेतलं, हे प्रस्तावात लिहिलेलं असतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. २०२० ते २०२३ दरम्यान एकेका महापालिकेची मुदत संपत गेली आणि जानेवारी २०२६ मध्ये २९ महापालिकांच्या निवडणुका होईपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात मंजूर झालेल्या कामावर 'माजी नगरसेवक यांच्या निधीतून' असं लिहिलं असेल तर ते वाक्य जागच्या जागी खोटं आहे. पाठपुरावा केला असू शकतो. निधी सुचवण्याचा अधिकार तेव्हा कोणाकडेच नव्हता.

'वर्गीकरण' हा शब्दही ऐकून ठेवा. एका कामाची तरतूद दुसऱ्याकडे वळवणं म्हणजे वर्गीकरण. सांडपाण्याच्या वाहिनीचे पैसे वळवून सुशोभीकरण, कमानी, नामफलक होतात, आणि पावसाळ्यात चेंबर उलटे वाहायला लागतात. वर्गीकरणाच्या प्रस्तावावर सह्या कोणाच्या, हे बघितलं की प्रभागाचा प्राधान्यक्रम कोणी ठरवला ते कळतं.

एक काम जवळून बघू. १०० मीटर लांब, ३.५ मीटर रुंद गल्लीचं काँक्रिटीकरण, जाडी १५ सेंटिमीटर. १०० गुणिले ३.५ गुणिले ०.१५ म्हणजे ५२.५ घनमीटर काँक्रीट. ट्रान्झिट मिक्सरच्या गाडीत साधारण ६ घनमीटर येतं, म्हणजे ९ गाड्या लागतात. काम चालू असताना गल्लीतल्या कोणीही ओट्यावर बसून गाड्या मोजाव्यात. ६ गाड्यांत काम आटोपलं तर सरासरी जाडी १० सेंटिमीटरच्या आसपास पडलीय. कडेला फळी लावून १५ दाखवतात आणि मध्ये खालच्या जमिनीचं पोट वर असतं. म्हणून जाडी कडेला नाही, मध्यावर बघायची. नंतर नळजोडासाठी कोणी रस्ता कापला तर त्या कापात ती आयतीच दिसते.

मोजमाप पुस्तिका, म्हणजे सगळे जिला एमबी म्हणतात ती, हा या कामाचा आत्मा. बिल तिच्यावरून निघतं. त्यात लांबी-रुंदी-जाडीबरोबर खोदाईची बाब वेगळी लिहिलेली असते. जुना थर उखडून मग नवीन ओतला तर रस्त्याची पातळी तीच राहते. एमबीत खोदाई लावली आहे आणि तरी रस्ता घरांच्या उंबऱ्याच्या दिशेने वीतभर वर आला असेल, तर खोदाई कागदावरच झाली. जुन्या वस्त्यांत जोत्यापेक्षा रस्ता उंच होऊन पावसाचं पाणी घरात येतं ते असंच, थरावर थर चढवून. दुसरी नेहमीची चूक क्रमाची. आधी ड्रेनेज, मग पाण्याची लाइन, मग केबल आणि शेवटी काँक्रीट असं व्हायला हवं. काँक्रीट आधी झालं की सहा महिन्यांत ब्रेकर लागतोच. आणि मार्च. ३१ मार्चला तरतूद संपते, म्हणून फेब्रुवारीत कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचे आदेश, निघतात आणि कामं रात्रीत होतात. काँक्रीटला किमान ७ ते १० दिवस पाणी मारावं लागतं. दुसऱ्या दिवशी गाड्या सोडल्या तर वरचा थर पहिल्याच पावसात खरखरीत होतो.

हे कागद मिळवायला दोन रस्ते आहेत. पहिला फुकट: २०१८ च्या शासन निर्णयानुसार महापालिकांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. दुसरा माहिती अधिकार. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस, प्रतींना पानामागे २ रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. अर्ज फेटाळले जातात ते बहुधा 'का' या शब्दामुळे. 'रस्ता निकृष्ट का झाला' ही माहिती नाही, ते मत मागणं झालं. त्याऐवजी एवढंच लिहावं (पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा आधी काढलेला अंदाज):

'प्रभाग क्रमांक अमुक मधील अमुक गल्लीच्या काँक्रिटीकरणाच्या कामाचे पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, त्रयस्थ तपासणी अहवाल आणि अंतिम देयक यांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात.'

वर आर्थिक वर्ष लिहा. ते न लिहिल्यास 'माहिती व्यापक स्वरूपाची आहे' असं उत्तर येतं. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, तिथे समाधान झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. गंमत म्हणजे बरेचदा पहिल्या अपिलाच्या सुनावणीची नोटीस निघाली की कागद आपोआप सापडतात.

कार्यादेशात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता खचला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची. त्याच रस्त्यावर नव्या दुरुस्तीची निविदा मुदतीच्या आत निघाली असेल, तर ती कोणाच्या यादीतून निघाली, हा सरळ प्रश्न नगरसेवकाला विचारता येतो.

राहिली समाजसेवा: शिबिरं, वह्यावाटप, उटणं, सहली. यांना नाकं मुरडण्यात अर्थ नाही, वह्या मिळालेल्या मुलाला त्या उपयोगी पडतातच. पण मोजायची पद्धत चुकते. नेत्रतपासणी शिबिरात '८०० जणांची तपासणी' हा आकडा छापला जातो. खरा आकडा पुढचा: मोतीबिंदू किती निघाले, त्यातल्या किती जणांची शस्त्रक्रिया झाली, नेण्या-आणण्याची गाडी कोणी दिली, महिन्याने फेरतपासणी झाली का. जो नगरसेवक शिबिराच्या तीन महिन्यांनंतर ही यादी दाखवू शकतो त्याचं शिबिर खरं.

रक्तदान शिबिराचं तर गणितच वेगळं. रक्त नेहमीच्या पिशवीत ३५ दिवस टिकतं, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. एकाच नेत्याच्या वाढदिवसाला शहरभर पन्नास शिबिरं झाली तर साठा एकदम फुगतो आणि मे महिन्यात, महाविद्यालयांना सुट्ट्या असताना, रक्तपेढ्या रिकाम्या पडतात. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला ३ महिने थांबावं लागतं, स्त्रीला ४. त्यामुळे वाढदिवसाला सगळे दाते वापरून टाकले की ते टंचाईच्या वेळी उपलब्धही नसतात. रक्तपेढीशी बोलून एप्रिल-मे आणि दिवाळीच्या सुट्टीत छोटी शिबिरं लावणारा नगरसेवक कमी दिसतो, फलकही कमी लावतो.

संपर्क कार्यालयात गेलात तर भिंतीवरच्या फोटोंपेक्षा टेबलावरची नोंदवही बघा. तक्रार, तारीख, कोणत्या खात्याला पत्र, आवक क्रमांक, स्मरणपत्र, शेवट काय झालं, असे रकाने भरलेले असतील तर तिथे काम चालतं. पुष्कळ ठिकाणी नुसतं नाव आणि मोबाइल क्रमांक लिहून घेतात. ती वही पुढच्या निवडणुकीत संदेश पाठवायला वापरली जाते. आपण दिलेल्या तक्रारीची पोच मागा आणि खात्याचा आवक क्रमांक आठवड्याने जाऊन विचारा. तो मिळत नसेल तर पत्र गेलेलंच नाही, आणि मग तीच तक्रार स्वतः क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक-जावक खिडकीत दोन प्रतींत देऊन एका प्रतीवर शिक्का घेणं जास्त लवकर होतं.